पुस्तकातला कप्तान खोटा

"पुस्तकातला कप्तान खोटा," असं इंगळेबापूंनी मला पहिल्या भेटीतच सुनावलं. मी कोण, कुठला, पिंपळगाव राजाच्या हायस्कुलात काय शिकवणार, यातलं काही विचारायच्या आधी. नवा मास्तर गावचं वाचनालयही सांभाळणार एवढं त्यांच्या कानावर गेलं होतं आणि तेवढ्यावर त्यांनी मला भर रस्त्यात अडवलं होतं. उंच, हाडापेरानं दांडगा माणूस, डोक्याला पांढरा रुमाल, हातात बैलाचं दावं.

"त्या कादंबऱ्या ठेवा तुमी, मास्तर, माह्यं काही म्हणणं नाई. पण पोट्ट्यायले सांगत जा, खरा कप्तान रेडिओवर बोलते. पुस्तकातला त्याचा तोतया हाये."

मी शहाण्या माणसासारखी मान डोलावली. कोण कप्तान आणि कसला तोतया, मला ओ की ठो कळलं नव्हतं.

माणूस चंद्रावर जाणार, जाणार असं सगळीकडे चाललेलं होतं ते दिवस. मुंबई केंद्रावरून दर रविवारी सकाळी 'ध्रुवापलीकडे' नावाची श्रुतिका लागायची. 'गरुडध्वज' नावाचं अवकाशयान, त्याचा कप्तान समीरण, एक डॉक्टरीणबाई, एक चिडका यंत्रमानव आणि दर आठवड्याला नवं संकट. ती इतकी चालली की पुण्याच्या कुण्या प्रकाशकानं त्याच पात्रांवर लहान लहान कादंबऱ्या काढल्या. श्रुतिका लिहिणारा एक आणि कादंबऱ्या लिहिणारा दुसरा. त्यामुळे दोन्हींत फरक पडायचा, आणि त्या फरकांवरून आमच्या गावात जेवढी भांडणं झाली तेवढी शेताच्या धुऱ्या-बांधावरूनही होत नसतील.

बापूंच्या भांडणाचं कारण मात्र निराळं होतं. ते मला आठवडाभरात कळलं, कारण गावात ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. कप्तान समीरणचा आवाज बापूंच्या एकुलत्या एक मुलाचा होता.

मधुकरला त्यांनी अकोल्याला शेतकी शिकायला ठेवलेलं. तो नाटकाच्या नादी लागला, परीक्षेला बसलाच नाही, आणि पोळ्याच्या दिवशी घरी येऊन म्हणाला, मी मुंबईला चाललो. दारात बैल सजवून उभे, बैलांभोवती अर्धा गाव. बापू म्हणाले, "जाय. पण आजपासून तुह्यं नाव या घरात कोनी घेनार नाई." चार भिंतींत बोलले असते तर दोन महिन्यांत विरून गेलं असतं. गावासमोर बोलले, त्यामुळे मागं घ्यायची सोय राहिली नाही. आपल्याकडे पुरुषमाणूस शब्दाचा पक्का असला की घरातली बाकीची माणसं त्या शब्दाखाली चिरडली तरी चालतात. मला त्या गोष्टीचा तेव्हाही राग येत असे.

पुढं केव्हातरी कुणीतरी खामगावच्या हॉटेलात रेडिओवर तो आवाज ओळखला आणि गावात बातमी आणली. बापू ऐकून न ऐकल्यासारखं करून उठून गेले. पण त्या हंगामात कापूस विकला, तेव्हा घरी येताना बैलगाडीत मोठ्या बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. "कापसाचा भाव समजा लागते," म्हणाले. कापसाचा भाव संध्याकाळी सांगत. बापूंचा रेडिओ रविवारी सकाळी लागायचा.

आणि मग गावानं एक रीत पाडली, ती मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. मधुकर हे नाव कुणी घ्यायचं नाही. घ्यायचं ते कप्तानाचं. पारावर एखादा म्हणे, "बापू, कप्तान कालच्या पारी थकेल वाटला." बापू म्हणत, "हाव, कामच तेवढं पडते त्याले." आतून वत्सलाकाकू, म्हणजे बापूंच्या मंडळी, कुणाला उद्देशून नाही अशा बेतानं म्हणत, "त्या यानात कोन सैपाक करते कोन जाने. गोळ्या खाऊन राह्यतात म्हने." त्यावर बापू दरडावत, "ते अवकाशयान हाये. तिथी काय चूल मांडते का?" पण दुसऱ्या दिवशी मला वाचनालयात येऊन हळूच विचारत, "मास्तर, त्या गोळ्यायनं खरंच पोट भरत असीन का हो?" मी भरतं म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

रविवारची बैठक म्हणजे एक सोहळा. ओसरीवर पोत्यांची बिछायत. फळीवर रेडिओ, त्याच्यावर काकूंनी विणलेला रुमाल, आणि तांब्याची तार पार समोरच्या लिंबाच्या शेंड्यापर्यंत नेलेली. खोकायचं नाही, तंबाखूची पिंक टाकायला उठायचं नाही, "आता काय होईन" असं विचारायचं नाही. काकू दाराआड ज्वारी पाखडत बसायच्या. कप्तान बोलायला लागला की सूप थांबायचं, यंत्रमानव बोलायला लागला की पुन्हा सुरू. शेवटी निवेदिका म्हणे, "यात भाग घेतलेले कलावंत..." आणि त्या क्षणी बापूंचा हात बटणावर. खट. नाव घरात येता कामा नये. गावकरी माना खाली घालून उठायचे.

एकदा मात्र पंचाईत झाली. यान कुठल्याशा हिरव्या ग्रहावर उतरलेलं, डॉक्टरीणबाई सांगते की आता परतीचा मार्ग बंद झाला आहे, आणि कप्तान, इतका वेळ पुण्यातल्या माणसासारखं तोलूनमापून बोलणारा कप्तान, एकदम ओरडला, "काऊन?"

'का' नाही, 'कशामुळे' नाही. काऊन. आमच्या ओसरीवर एवढी शांतता पसरली की लिंबावरचे कावळे ऐकू यायला लागले. मुंबईतल्या कुणाच्या लक्षात आलं नसावं, किंवा पुन्हा कोण ध्वनिमुद्रण करतं म्हणून सोडून दिलं असावं. पण आमच्याकडे एक म्हातारा हसायला लागला, मग सगळीच हसायला लागली, आणि दाराआड काकू पदरात तोंड घालून रडायला लागल्या. बापू ताठ बसून होते, नुसते कान लाल झालेले. श्रुतिका संपल्यावर तडक वाचनालयात आले आणि म्हणाले, "आता सांग. असं पुस्तकात हाये का?"

हा प्रश्न होता शेख कादरला. कादरभाईचं कापडाचं दुकान होतं आणि तो कादंबऱ्यांच्या पक्षाचा पुढारी. गावात बापूंच्या तोंडाला तोंड देणारा तेवढा एकच. लहान चणीचा, सतत पान खाणारा, आणि बापूंचा बालपणापासूनचा दोस्त. त्याचं म्हणणं असं की रेडिओवर यान उडतंय की पडतंय ते समजत नाही, नुसती घरघर. पुस्तकात कसं सगळं बयाजवार.

"बापू, तुमच्या त्या यानाचा दरवाजा उघडते तवा जिनिंगच्या मशीनवानी आवाज येते. कसम से, मले तर वाटते थे लोकं खामगावच्या कापसाच्या जिनातच बसून नाटक करतात."

"आन् तुह्या पुस्तकातला कप्तान?" बापू उसळत. "एका सरकीएवढ्या गोष्टीसाठी चार पानं इचार करते. आपला कप्तान इचार करत नाई, हुकूम देते. पुस्तकवाल्यानं त्याले पायलाच नाई कधी."

"तुमी पायला का?"

हे कादरभाई बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. पान चघळायचं थांबलं. वाचनालयातली चार माणसं वर्तमानपत्राच्या आड गेली. बापूंनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आवाज आयकला का मानूस दिसते, कादर." मग खुंटीवरचा पंचा खांद्यावर टाकून निघून गेले. कादरभाईनं दोन दिवस दुकान उघडलं नाही.

आता चौथ्या कादंबरीचं सांगतो, कारण सगळं तिथून बिघडलं.

खामगावहून गठ्ठा आणला, एस.टी.तच ती वाचायला घेतली आणि उतरेपर्यंत माझं तोंड उतरलं. या पुस्तकात यानाला आग लागते. सुटकेच्या कुपीत एक जागा कमी असते. कप्तान बाकीच्यांना जबरदस्तीनं पाठवून देतो आणि एकटा मागं राहतो. 'गरुडध्वज' सूर्याच्या दिशेनं जळत जातं. शेवटच्या पानावर कप्तान यंत्रमानवाला निरोप देतो, आणि मग पुस्तकाला पुढं पानच नाही. चांगलं लिहिलं होतं, आधीच्या तिन्हींपेक्षा चांगलं, आणि म्हणूनच मला ते नकोसं झालं.

कादरभाईला मी दाखवलं. त्यानं रात्रीतून वाचलं आणि सकाळी परत आणून माझ्या टेबलावर ठेवलं. "मास्तर, हे कपाटात टाका. कुलूप लावा." गावातला कादंबऱ्यांचा सगळ्यात मोठा कैवारी हे म्हणत होता.

पण जानेफळहून कुणी पाहुणा आला होता, त्यानं आपल्याजवळची प्रत पारावर बसून मोठ्यानं वाचून दाखवली. सांजेला बापू वाचनालयात आले, मला कपाट उघडायला लावलं, खिडकीशी बसले आणि चष्मा नाकावर ओढून शेवटची दहा पानं वाचली. बोट ओळीवर फिरत होतं. पुस्तक मिटून म्हणाले, "पुस्तकातलं आपन मोजत नाई."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"पुस्तकवाला वेगळा, रेडिओवाला वेगळा."

"वेगळेच आहेत, बापू."

"मंग तुमचं तोंड काऊन असं झालं?"

रेडिओवरही हेच येणार, अशी मला भीती होती. श्रुतिका संपली तर संपली, असं म्हणणारे लोक पुण्या-मुंबईत हजारो असतील. या घरात मात्र त्या रविवारच्या अर्ध्या तासाशिवाय बाप-लेकांमध्ये काही उरलेलं नव्हतं. कप्तान मेला की मधुकर या घरातून दुसऱ्यांदा जाणार होता, आणि या वेळी ऐकायला काही मागं राहणार नव्हतं. बापूंनी स्वतःच स्वतःला एवढ्याशा फटीत कोंडून घेतलं होतं, आणि आता एक अनोळखी माणूस पुण्यात बसून ती फट बुजवत होता.

पुढच्या रविवारी रेडिओवर यानाच्या मागच्या भागात धूर दिसला.

त्याच्या पुढच्या रविवारी डॉक्टरीणबाईंनी कुपीतल्या जागा मोजल्या आणि एक कमी भरली. शब्दसुद्धा पुस्तकातलेच. ओसरीवर ज्यांनी कादंबरी ऐकली होती ते एकमेकांकडे बघेनात. कप्तानाचा आवाजही त्या दिवशी घोगरा, ओढलेला वाटला. "धूर हाये ना तिथी," बापू म्हणाले. "धुरानं गळा बसते." कुणी काही विचारलं नसताना म्हणाले. आतलं सूप त्या दिवशी सुरूच झालं नाही.

तो आठवडा बापू कुणाशी धड बोलले नाहीत. वखराला जुंपलेले बैल मध्येच थांबवून धुऱ्यावर बसून राहायचे, असं सालदार सांगत होता. एकदा माझ्या खोलीवर आले, उभ्या उभ्या म्हणाले, "मास्तर, लिहिनाऱ्याचं मन बदलू शकते ना? दोघं वेगळे हायेत ना?" मी हो म्हणालो. "तुमी शिकेल मानूस हा. नीट इचार करून सांगा." मी पुन्हा हो म्हणालो. काकू देवळात अभिषेक करून आल्या. कोणाच्या नावानं, असं पुजाऱ्यानं विचारलं, तर म्हणाल्या, कप्तानाच्या.

रविवारी ओसरीवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. कादरभाई कधी या बैठकीला येत नसे, तो येऊन अगदी दाराशी बसला. खरखर, वाद्यं, मग आग. डॉक्टरीणबाई कुपीत चढल्या. यंत्रमानव चढला. दार बंद. कप्तान अजून एक अक्षर बोलला नव्हता; आता पुस्तकाप्रमाणे त्याचं शेवटचं बोलणं. तेवढ्यात धाडकन आवाज झाला, आणि यंत्रमानव कुपी फोडून परत आला. त्यानं कप्तानाला उचललं, आपल्या जागी कुपीत कोंबलं आणि स्वतः यानात राहिला. कुपी सुटली. कप्तान वाचला.

ओसरीवर एकच गिल्ला झाला. "जितले! बापू, जितले तुमी!" म्हणून कादरभाईनं बापूंच्या गुडघ्यावर थाप मारली. "पुस्तक खोटं! मी म्हनतो, खोटं!" लोक हसत होते, एकजण तर नाचायलाच लागला. आणि त्या गोंधळात रेडिओवर कुपीतला कप्तान शुद्धीवर येऊन बोलायला लागला.

बापूंनी हात वर केला. हळूहळू सगळे गप्प झाले.

आवाज चांगला होता. भरदार होता, स्वच्छ होता. मधुकरचा नव्हता. कप्तान समीरण जिवंत होता आणि त्याच्या तोंडून कुणी भलताच माणूस बोलत होता.

श्रुतिका संपली. "यात भाग घेतलेले कलावंत," निवेदिका म्हणाली. आम्ही बटणाकडे पाहिलं. बापूंचा हात मांडीवरच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती नावं त्या घरात आली, एकामागून एक, सगळी. कप्तानाच्या पुढं परकं नाव होतं. मधुकर इंगळे हे नाव कुठंच नव्हतं.

दाराआडून काकू बाहेर आल्या. एवढ्या पुरुषमाणसांत त्या कधी येत नसत. बापूंच्या समोर उभ्या राहून म्हणाल्या, "माह्या मधूले काय झालं ते पाहून या. आता शब्द घेऊन बसू नका."

बापू उठले. सगळ्या गावादेखत कादरभाईला म्हणाले, "कादर, मध्याचं घर तुले मालूम हाये."

"मले? मले कसं..."

"मालाले बंबईले जातं तवा तुह्या गाठोड्यात दरवेळी आमच्या घरच्या मुगवड्या जातात. मी काय आंधळा हावो का बे?" त्यांनी पायांत वहाणा घातल्या. "चाल. नांदुऱ्याले बंबईची गाडी गाठा लागते."

पोळ्याला गावासमोर दिलेला शब्द गावासमोरच मोडला, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. मी एस.टी.पर्यंत पोचवायला गेलो, तेव्हा कादरभाई वाटेत मला हळूच म्हणाला, मागच्या खेपेलाच मधूचा गळा बसलेला होता, थंडी आहे म्हणाला, मी काकूंना तेवढंच सांगितलं. तो रडत होता.

गळ्यात गाठ निघाली होती. मुंबईत शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज, तीही कान तोंडाशी नेला तर ऐकू येईल अशी. बापू तिकडं दोन महिने राहिले. ते मुंबईत कसे राहिले, काय खाल्लं, लेकाशी पहिलं वाक्य काय बोलले, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मग एक दिवस एस.टी.तून दोघं उतरले, मधुकरच्या गळ्याला मफलर, आणि बापूंच्या डोक्यावर त्याची ट्रंक. हमाल केला नाही त्यांनी.

त्याच उन्हाळ्यात माझी बदली मेहकरला झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेलो, ते माझं त्या घराचं शेवटचं दर्शन. ओसरीवर दोघं शेजारी बसले होते. मधुकर बारीक, गोरटेला, डोळे आईचे. गावातली माणसं त्याला भेटायला येत, तो काही कुजबुजे, बापू वाकून कान त्याच्या ओठांशी नेत, आणि मग खड्या आवाजात सांगत, "तो म्हनते, बसा. तो म्हनते, चहा घ्या." आधी लेकाचं एक वाक्य ऐकून न घेणारा हा माणूस आता त्याचं अक्षरही सांडू देत नव्हता.

कादरभाई होताच. त्याला राहवेना. "मधू, बेटा, आता तूच निवाडा कर. तू सोता कप्तान. रेडिओतलं बरं का पुस्तकातलं?"

मधुकर हसला. वडिलांकडे पाहिलं. मग काहीतरी कुजबुजला.

बापूंनी कान नेला, ऐकलं, आणि सरळ होऊन बसले. कान लाल झाले.

"काय म्हनते?" कादरभाई.

"काही नाई म्हनत."

"बापू, पोट्टं बोललं काहीतरी. सांगा ना."

मधुकर वडिलांकडे बघत राहिला. त्याला स्वतःला सांगता येत नव्हतं. बापूंनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा आत काकूंकडे, घसा खाकरला, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "तो म्हनते, पुस्तकातलंच बरं होतं."

मग कादरभाईकडे वळले.

"मी नाई म्हनत. तो म्हनते."